आठवड्याचा विषय

रविवारची रात्र आहे. मुलें निजलीं आहेत. स्वयंपाकघरांतील आवराआवर संपवून घरची गृहिणी दिव्याजवळ वही घेऊन बसली आहे. वहीच्या पानावर तिनें पट्टीनें सहा उभ्या रेघा मारल्या आहेत आणि वर सोमवारपासून रविवारपर्यंत वारांचीं नांवें लिहिलीं आहेत. ह्या आठवड्याचा विषय ‘पाणी’. सोमवारीं पाण्याचीं रूपें, मंगळवारीं नदी, ओढा आणि विहीर, बुधवारीं पाण्याचें माप, गुरुवारीं पाण्यांतील प्राणी व त्यांचीं चित्रें, शुक्रवारीं पावसाची एक कविता पाठ, शनिवारीं उजळणी. रविवारचा रकाना मोकळा ठेवावयाचा असें तिनें ठरविलें होतें. पण तेथेंहि कोपऱ्यांत बारीक अक्षरांत ‘वेळ मिळाल्यास भूगोल’ असें लिहिण्याचा मोह तिला आवरलेला नाहीं. घरांत आठ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी. दोघेंहि शाळेंत जातात. परंतु शाळेंत कानांवर पडणारें ज्ञान सुटें सुटें राहतें, त्याला घरीं कांहीं धागा मिळावा, ही त्या माउलीची तळमळ. तिच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं.

गुरुवार उजाडला. गुळाच्या डब्याला मुंग्या लागूं नयेत म्हणून तो डबा पाण्यानें भरलेल्या ताटलींत ठेवण्याची त्या घरची रीत. मुलगी त्या ताटलीपुढें उकिडवी बसून बराच वेळ टक लावून पाहत होती. एकाएकीं ती ओरडली, “आई, अग ही मुंगी पाण्यावरून चालत आली! ती बुडली कशी नाहीं ग?” आईच्या हातांत माशांचीं चित्रें होतीं. ती म्हणाली, “मुंग्यांचा आठवडा पुढच्या महिन्यांत आहे, बाळ. आतां आपलें पाणी चाललें आहे ना? ये, माशाला रंग दे बघूं.” मुलगी उठली आणि तिनें माशाला निळा रंग दिला.

ह्या प्रसंगांत कोणी कोणावर रागावलें नाहीं, कोणी रडलें नाहीं, आणि तरीहि मोठें नुकसान झालें. पाण्याच्या त्या सबंध आठवड्यांत त्या घरांत पाण्यासंबंधीं विचारला गेलेला उत्तमांतला उत्तम प्रश्न तोच होता. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पडद्यासारखा वागतो. मुंगीसारख्या हलक्या जिवाच्या भारानें तो खोलगट होतो, पण फाटत नाहीं. हें पाण्याचें गुह्य सहा वर्षांच्या मुलीनें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें होतें. वहीला तें ओळखूं आलें नाहीं, कारण त्याच्या अंगावर ‘मुंगी’ ही चिठ्ठी होती आणि रकान्यावर ‘पाणी’ ही.

मुलांचें घरचें शिक्षण आठवड्याच्या एकेका विषयाभोंवतीं गुंफावें कीं काय, हा प्रश्न आज कित्येक घरांतून विचारला जातो. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हां ज्यांनीं शिकविण्याचें काम सर्वस्वीं शाळेवर सोंपविलें होतें त्यांच्या पदरांत तें अवचित येऊन पडलें. पुढें शाळा उघडल्या. परंतु आपलें मूल काय शिकतें आणि कसें शिकतें हें त्या काळांत जवळून पाहिलेल्या आईबापांना तो विषय पुन्हां नजरेआड करणें जड गेलें. त्यांच्यासाठीं छापील तक्तेहि बाजारांत येऊन बसले आहेत. एका आठवड्यास ‘वाहनें’, दुसऱ्यास ‘ऋतु’, तिसऱ्यास ‘बर्फाळ प्रदेश’. प्रत्येकाबरोबर रंगविण्याचीं पानें आणि जोड्या लावा. कोंकणांतल्या मुलानें भर आषाढांत, कौलांवर पाऊस कोसळत असतां, खिडकीकडे पाठ करून पेंग्विनच्या पोटाला पांढरा रंग द्यावा, असेंहि त्यांतून घडतें.

एक विषय धरून त्याच्याभोंवतीं सारें शिक्षण उभारण्याची कल्पना कांहीं कालपरवांची नव्हे. जर्मनींत लाइप्झिग येथें टुइस्कोन झिलर (१८१७–१८८२) ह्या शिक्षणशास्त्रज्ञानें ती हट्टानें मांडली. मुलाच्या मनांत विषयांचे तुकडे विखुरलेले पडतात, ते सांधावयाचे तर मध्यभागीं एखादी कथावस्तु पाहिजे, असें त्याचें म्हणणें. म्हणून पहिल्या वर्षीं परीकथा आणि दुसऱ्या वर्षीं रॉबिन्सन क्रूसोची गोष्ट मध्यें ठेवून बाकीचे धडे तिला जोडावयाचे, अशी त्याची योजना होती. तिला अनुयायी पुष्कळ मिळाले. परंतु बेटावर अडकलेल्या त्या एकट्या बिचाऱ्या माणसाकडून गणित, भूगोल, शेती, सुतारकाम आणि वर नीतिपाठ असें सर्व कांहीं वदवून घेतल्यावर मूळ गोष्टीची गोडी ती काय उरणार?

हा आक्षेप ज्यांनीं परखडपणें घेतला त्यांत इंग्लंडमधील शार्लट मेसन (१८४२–१९२३) ह्या बाई होत्या. आणि त्यांच्या शब्दाला येथें विशेष वजन आहे, कारण त्यांचें कार्य मुख्यत्वेंकरून घरीं शिकणाऱ्या मुलांसाठीं होतें. १८९१ पासून त्यांनीं अशा मुलांना टपालानें अभ्यासक्रम पाठविणारी शाळा चालविली. त्यांच्या योजनेंत एकाच दिवशीं अनेक निरनिराळे विषय येत आणि लहान मुलांचा कोणताहि धडा १५–२० मिनिटांहून अधिक लांबत नसे. एका गोष्टीचा दुसरीशीं संबंध जोडणें हें मुलाच्या मनाचें स्वतःचें काम आहे. तें शिक्षकानेंच उरकून टाकलें तर मुलाला करावयाला कांहीं शिल्लक राहत नाहीं, असा त्यांच्या टीकेचा रोख होता.

तिसरा मार्ग दाखविला तो एका डॉक्टरानें. बेल्जममधील ओव्हिद दक्रोली (१८७१–१९३२) ह्यानें १९०१ सालीं ब्रुसेल्स येथें मंदगति मुलांसाठीं संस्था काढली आणि त्या अनुभवावरून १९०७ सालीं सर्वसाधारण मुलांसाठीं शाळा उघडली. त्यानें मध्यभागीं कथा ठेविली नाहीं, गरज ठेविली. माणसाला अन्न पाहिजे. ऊन, पाऊस, थंडी ह्यांपासून निवारा पाहिजे. संकटांपासून बचाव पाहिजे. आणि इतरांच्या संगतींत काम, विसावा व करमणूक पाहिजे. ह्या चार गरजांभोंवतीं त्याचें सारें शिक्षण फिरे. आधीं वस्तु प्रत्यक्ष पाहावयाची, मग ती दूरच्या आणि पूर्वीच्या गोष्टींशीं ताडून पाहावयाची, आणि शेवटीं बोलून, लिहून, रेखाटून किंवा हातांनीं घडवून ती व्यक्त करावयाची, ह्या त्याच्या तीन पायऱ्या. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीनें बुनियादी शिक्षणाची योजना आखली, तिच्यांतहि हस्तोद्योग, भोंवतालची सृष्टि आणि भोंवतालचा समाज ह्या तिहींशीं अभ्यासाचा समवाय साधावयाचा होता. नांवें निराळीं, पण दक्रोली आणि वर्धा एकाच वाटेचे प्रवासी आहेत.

आतां ह्या तिघांच्या वादांत घराचें स्थान कोठें, हें पाहण्यासारखें आहे. दक्रोलीला आपल्या शाळेंत भाजीचा वाफा, प्राणी, स्वयंपाक हें सर्व मुद्दाम आणावें लागलें. वर्ध्याच्या योजनेला शाळेंत टकळी आणावी लागली. घराला असें कांहीं आणावें लागत नाहीं. घर हें मुळीं गरजांचेंच ठिकाण आहे. तेथें रोज अन्न शिजतें, पाणी भरलें जातें, कपडे वाळतात, फाटलेलें शिवलें जातें, आजाऱ्याची शुश्रूषा होते, हिशेब होतो, पाहुणा येतो. शाळेनें घराचें अनुकरण करावयाला शंभर वर्षें खर्चीं घातलीं, आणि घर मात्र हौसेनें शाळेचें अनुकरण करूं पाहतें, फळा आणतें, तास पाडतें, घंटा वाजवितें! ह्यांतला विपर्यास ध्यानांत आला म्हणजे आठवड्याचा विषय कसा निवडावा ह्याची कसोटी आपोआप हातीं येते. मुलें घरांत नसतीं तरीहि जें काम त्या आठवड्यांत घरांत झालेंच असतें, तो खरा विषय. ‘पाणी’ हा विषय नव्हे, तो पुस्तकाचा मथळा आहे. ‘टाकी धुणें’ हा विषय होऊं शकतो.

आणि मुदत आठवड्याचीच कां? दक्रोली एकेक गरज वर्षभर चालवी. परंतु मराठी घराला आठवड्याचें माप सवयीचें आहे. खेड्यांत आठवड्याचा बाजार भरतो. आपण सात दिवसांना ‘आठ दिवस’ म्हणतों, कारण बाजारापासून बाजारापर्यंत दोन्ही टोकांचे दिवस धरून मोजतों. आणि हा हिशेब एखाद्या चौकस मुलासमोर मांडला तर तोच अर्ध्या तासाचें गणित होऊन बसतो. दुसरें असें कीं, घरांतल्या कित्येक गोष्टी बरोबर ह्याच मुदतींत आपलें स्वरूप बदलतात. त्यांपैकीं एक जरा सविस्तर पाहूं.

मुगाची उसळ करावयाची आहे. सोमवारीं दुपारीं मूग निवडले जातात. सहा वर्षांची मुलगीहि खडे वेंचूं शकते. निवडलेल्यांपैकीं शंभर दाणे मोजून वेगळे काढावे आणि रात्रीं सारेच भिजत घालावे. भिजत घालण्यापूर्वीं वाटीनें मोजलें आणि मंगळवारीं सकाळीं पुन्हां त्याच वाटीनें मोजलें तर मूग दुपटीच्या आसपास भरतात. वाढलें तें काय? वाटींतलें पाणी गेलें कोठें? हा प्रश्न आईनें विचारण्याची गरज नाहीं. वाटी दोनदां भरतांना पाहिलेलें मूल तो विचारतेंच, आणि न विचारलें तरी बिघडत नाहीं. मूग मग ओल्या फडक्यांत घट्ट बांधावे. बुधवारीं गांठ सोडावी तों पांढरे मोड दिसतात. दोऱ्यानें मोडाची लांबी मोजावी, दोरा वहींत चिकटवावा, शेजारीं वार लिहावा. शुक्रवारपर्यंत असे तीन दोरे झाले कीं आलेख म्हणजे काय हें वेगळें सांगावें लागत नाहीं.

पण ह्या आठवड्यांतलें खरें रत्न म्हणजे गणंग. शंभर दाण्यांपैकीं दोनचार दाणे भिजतच नाहींत. बाकीचे टपोरे झाले तरी हे तसेच टणक राहतात, उसळींत आले तर दांताखालीं खटकन् लागतात, आणि घरोघर त्यांना गणंग म्हणून फेंकून देतात. दाणा मेलेला आहे असें मोठीं माणसेंहि समजतात. वस्तुतः पुष्कळदां तो जिवंत असतो. त्याचें टरफलच इतकें घट्ट असतें कीं पाण्याला आंत वाट मिळत नाहीं. असा एक गणंग मुलानें फरशीवर किंवा खरबरीत दगडावर एका बाजूनें हलकेच घासावा आणि पुन्हां पाण्यांत टाकावा. दुसऱ्या दिवशीं तो फुगलेला आढळण्याचा संभव पुष्कळ, आणि त्याला मोड आला म्हणजे त्या घरांत होणारा आनंद कोणत्याहि रंगविण्याच्या पानानें होणार नाहीं. रानांत पहिल्याच सरीला सगळें बीं उगवलें आणि मग पावसानें ओढ दिली तर सगळेंच करपेल. म्हणून कांहीं दाणे मागें थांबतात. ही गोष्ट आठ वर्षांच्या मुलाला कळते. कळल्यावर तो ताटांतल्या गणंगाकडे निराळ्या नजरेनें पाहूं लागतो.

मोड आलेले पांचसहा दाणे मातींत लावावे, आणि त्यांच्याजवळ भिजलेले हरभरेहि. उबदार हवेंत मुगाचा अंकुर रविवारच्या सुमारास माती उचलून वर येतो, तो आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन. हरभऱ्याच्या डाळिंब्या मात्र मातीखालींच राहतात, वर येतो तो नुसता कोंब. असें कां, ह्याचें उत्तर आईला ठाऊक नसलें तरी चालेल. “बघूं या” हें उत्तर मुलांना पुरतें, आणि तें खरेंहि असतें. एक कुंडी खिडकींत व एक कपाटांत ठेवली तर कपाटांतलें रोप अधिक उंच, पण पिवळें आणि लुळें निघतें. आणि उंच तें बळकट असा मुलाचा समज तेथें परस्पर दुरुस्त होतो.

ह्या अवधींत उसळ केव्हांच खाऊन झालेली असते. बाकी सर्व तिच्या निमित्तानें झालें.

मुगासारखे विषय वर्षभर घरांत येत-जात असतात. फक्त त्यांच्याकडे विषय म्हणून कोणी पाहत नाहीं. मे महिन्यांत गच्चीवर पापड-कुरडयांचें वाळवण पडतें आणि कावळे राखावयाला मुलांना बसवितात. राखणीला बसलेल्या मुलाला काठीची सावली मोजावयाला सांगावें. पुणें-मुंबईच्या टापूंत मेच्या मध्याच्या सुमारास एक दिवस भर दुपारीं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीं नाहींशी होते. त्या आठवड्यांत रोज मोजलेली सावली कमी कमी होत शून्यावर येते हें ज्यानें पाहिलें, त्याला सूर्याच्या वार्षिक गतीचा धडा पुढें परका वाटणार नाहीं. सकाळीं ओली कुरडई आणि सायंकाळीं कोरडी कुरडई तराजूंत घालावी. उडून गेलेल्या पाण्याचें वजन हातीं येतें. दिवाळीपूर्वीं फराळाचें सामान येतें, तेव्हां वाण्याची यादी हा सबंध आठवड्याचा विषय आहे. घरांत आजी असेल तर तिच्याकडून जुन्या मापांचा कोठा ऐकावा. १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें आलीं आणि ती भाषा मागें पडली; पण अपूर्णांक शिकवावयाला तिच्यासारखें साधन नाहीं. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर. म्हणजे अर्धा, पाव, अर्धपाव आणि सोळावा भाग हे नुसते शब्द राहत नाहींत, हातानें ओतून पाहतां येतात. फडताळांत मागें पडलेलें एखादें पितळी मापटें सांपडलें तर फारच उत्तम.

ह्याच्या उलट, ज्या गोष्टी विषयांत ओढून आणूं नयेत त्यांविषयीं थोडें स्पष्ट बोललें पाहिजे. रोजचें वाचन, रोजचें शुद्धलेखन, पाढे आणि बेरीज-वजाबाकीचा सराव हे विषयाच्या दावणीला बांधूं नयेत. मूग चालले आहेत म्हणून गोष्टहि मुगाचीच, गाणेंहि मुगाचें आणि गणितांत ‘एका शेतकऱ्याजवळ बारा मूग होते’, हा प्रकार मुलाला चटकन् ओळखूं येतो आणि तें मनांतल्या मनांत हंसतें. मेसनबाईंचा आक्षेप येथें पूर्ण खरा आहे. मुलाला दिवसांतून घटकाभर सिंदबादबरोबर समुद्रावर जावयाचें असेल तर मुगांनीं त्याच्या आड येऊं नये. सरावाची वेळ थोडी, ठरलेली आणि रुक्ष असली तरी चालते. रोज दांत घासावयाला कोणी विषय शोधीत नाहीं.

कसोटीला एक अपवादहि आहे. कांहीं वेळां मुलाला स्वतःचेंच वेड लागतें. आगगाडी, सर्प, डायनोसॉर, किल्ले. घरच्या कामांत त्यांना जागा नसते. असें वेड आलें कीं आईनें आपला विषय निमूटपणें बाजूला ठेवावा. तें पंधरा दिवस टिकलें तर पंधरा दिवस, आणि तीन दिवसांत ओसरलें तर तीन दिवस. त्याला आठवड्याचा नियम लावणें म्हणजे पाहुण्याला गाडीचें वेळापत्रक दाखविण्यासारखें आहे. पेंग्विनचें वेड खरोखरच लागलें असेल, तर कोंकणांत आणि भर पावसांतहि पेंग्विनच खरा.

ह्या साऱ्या योजनांत एक गोष्ट सोयीस्करपणें विसरली जाते. वही आंखणारी व्यक्ति बहुधा आईच असते, आणि ती दिवसभराच्या कामानंतर आंखते. छापील तक्त्यांतले उद्योग तिच्या कामांत भर घालतात; डिंक आणा, पुठ्ठा कापा, मग केर काढा. घरचेंच काम विषय म्हणून धरलें तर निदान दुसरें काम वाढत नाहीं. मात्र तें सोपें होतें असें सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. मुलांना घेऊन मूग निवडावयाला चौपट वेळ लागतो आणि निम्मे मूग जमिनीवर जातात. म्हणून आठवड्याला एकच काम असें धरावें, आणि ज्या आठवड्यांत घरांत आजारपण आहे, परीक्षा आहे किंवा माणसाचा जीव नुसता थकला आहे, त्या आठवड्यांत कोणताच विषय धरूं नये. वडिलांनींहि आपल्या वाट्याचीं कामें मोजावीं. विजेचें बिल, सायकलचें पंक्चर, बाजारची पिशवी हे उत्तम विषय आहेत, आणि “आईला विचार” ह्या दोन शब्दांत ते दरवर्षीं कित्येक घरांतून वाया जातात.

एका खोलीच्या बिऱ्हाडांत, किंवा दोघेंहि मजुरीला जातात अशा घरांत हें सर्व कसें व्हावें, असा प्रश्न येईल आणि तो रास्त आहे. त्याचें कांहींसें उत्तर ताराबाई मोडक (१८९२–१९७३) ह्यांच्या कार्यांत सांपडतें. भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर बालशिक्षणाचे प्रयोग केल्यावर १९४५ मध्यें त्या ठाणें जिल्ह्यांत बोर्डीस आल्या. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. वस्तींतलीं मुलें शाळेपर्यंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच मुलांच्या अंगणांत नेली. मॉन्टेसरीचीं महाग साधनें तेथें कोठून येणार? शंख, शिंपले, बिया, पानें, खडे ह्यांवर त्यांनीं काम भागविलें. ज्या घरांत खेळणीं नाहींत त्या घरांतहि चूल आहे, धान्य आहे, शेळी आहे, आणि तेथलीं मुलें पाहण्याच्या बाबतींत शहरी मुलांहून बहुधा सरसच असतात. त्यांना हवें असतें तें त्यांनीं पाहिलेलें ऐकून घेणारें माणूस. तें काम अर्ध्या घटकेचें आहे, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाकडून ती अर्धी घटकाहि मागणें सोपें नाहीं. तेथें शेजारपाजार, थोरली बहीण, वस्तींतली बालवाडी ह्यांचा हात लागल्यावांचून भागणार नाहीं.

आतां राहिली ती रकान्यांची वही. ती टाकून द्यावयाची नाहीं, उलटी धरावयाची. काय शिकवावयाचें हें रविवारीं आधीं लिहून ठेवण्याऐवजीं, मुलांनीं काय विचारलें हें रोज रात्रीं एका ओळींत लिहावें. आधीं लिहावयाचें तें फक्त कामाचें नांव: मूग, टाकी, वाळवण, यादी. बाकीचे रकाने मुलांनीं भरावयाचे. महिन्याभरानें तीं पानें चाळलीं तर दिसतें कीं मुलगा नेहमीं ‘किती’ विचारतो आणि मुलगी नेहमीं ‘कां’ विचारते, किंवा ह्याच्या उलट. एखादा प्रश्न तीन वेळां परतून आलेला असतो. पुढच्या आठवड्याचा विषय बहुतेक वेळां तेथेंच लिहिलेला सांपडतो.

ज्या घरच्या गुरुवारापासून हें निरूपण सुरू झालें, त्या घरांतहि रविवार आला. ‘वेळ मिळाल्यास भूगोल’ असें लिहिलेल्या रकान्याकडे पाहतांना आईला माशाचा निळा रंग आणि मुलीचा उतरलेला चेहरा आठवला. तिनें एक वाटी पाण्यानें भरून मुलांपुढें ठेविली. पातळ कागदाचा कपटा पाण्यावर टाकून त्यावर शिवणाची सुई आडवी ठेविली. कागद भिजून खालीं गेला. सुई पाण्यावर तशीच राहिली. वाकून पाहिलें तेव्हां सुईभोंवतीं पाणी दबलेलें दिसत होतें, जणु गादीवर कोणी निजलें आहे. मुलगा म्हणाला, “लोखंड तर बुडतें!” मुलगी कांहीं बोलली नाहीं, ती धांवत जाऊन ताटलींतली मुंगी पाहून आली. मग आईनें बोटाला साबणाचें पाणी लावून तें वाटीच्या कडेला टेंकविलें, आणि सुई सरळ तळाशीं गेली.

तिघेंहि थोडा वेळ वाटींत पाहत राहिलीं. मग मुलीनें विचारलें, “आई, गुळाच्या डब्याखालच्या पाण्यांत साबण घातला तर ग?”

सोमवारीं सकाळीं ताटलींतलें पाणी बदललें गेलें तेव्हां त्यांत साबणाचे दोन थेंब होते, आणि मुलगा घड्याळ घेऊन शेजारीं बसला होता.